भीती वाटते ती जागा

नकाशा एवढा मोठा निघाला की समाजमंदिरातल्या सगळ्या खुर्च्या भिंतीकडे सरकवाव्या लागल्या. जमिनीवर तो उलगडला, पंख्याच्या वाऱ्यानं कोपरे उडायला लागले तशा त्यावर विटा ठेवल्या, आणि विणकर वसाहतीतल्या बायका पदर सावरत त्याच्याभोवती वाकल्या. सुरुवातीला कुणाला काही कळेना. मग एकीला मारुतीचं देऊळ सापडलं, दुसरीला पिठाची गिरणी, आणि एकदम गलका झाला. ही आमची गल्ली, हा बोळ, हा डेअरीचा कोपरा. आपलं घर वरून कसं दिसतं याचंच सगळ्यांना नवल.

मी तेव्हा महापालिकेच्या नगररचना विभागात कनिष्ठ अभियंता होते. रस्त्यावरच्या दिव्यांसाठी सरकारचा निधी आला होता. आजवर खांब कुठं रोवायचा ते नगरसेवक सांगायचे आणि आम्ही रोवायचो. नव्या आयुक्त मॅडमनी ती पद्धत मोडली. ज्या बायका त्या रस्त्यानं चालतात त्यांनाच विचारा, त्यांना कुठं भीती वाटते ते आधी नकाशावर येऊ दे, मग खांबांचं बघू, असं त्यांनी बैठकीत सांगितलं. विणकर वसाहत माझं माहेर. तो वॉर्ड मी मागून घेतला होता.

कार्यालयातून यायचे स्टिकर आलेच नाहीत, म्हणून मी कासाराच्या दुकानातून टिकल्यांची पाकिटं आणली. जिथं भीती वाटते तिथं लाल टिकली लावायची, जिथं निर्धास्त वाटतं तिथं हिरवी. कुणी नाव सांगायचं नाही, कुणी कुणाला विचारायचं नाही. टिकल्या लावताना आम्ही कर्मचाऱ्यांनी नकाशाजवळ थांबायचं नाही, असाही नियम होता. त्यामुळं मी आणि आमचे उपअभियंता माणगावे साहेब बाहेरच्या व्हरांड्यात चहा घेत उभे राहिलो. आतून हसण्याचे आवाज येत होते. आईही आली होती, वहिनीही आली होती. खुर्च्या आणि माईक माझ्या भावानं, धनंजयदादानं आणून दिले होते. वसाहतीत कुणाचंही कार्य असलं की दादा पुढं असायचाच. त्या दिवशी तर तो साहेबांना म्हणाला होता, बायकांसाठी तुम्ही हे चांगलं काम करताय, काही लागलं तर हाक मारा.

बायका गेल्यावर आम्ही दोघं आत आलो आणि नकाशापाशी उकिडवे बसलो. दारूच्या दुकानासमोरचा रस्ता लाल झाला होता. डेअरीचा कोपरा लाल, बंद सूतगिरणीच्या भिंतीकडेचा बोळ तर टिकलीवर टिकली. हे सगळं अपेक्षितच होतं. साहेब खूश झाले. खांबांच्या जागा डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या होत्या.

मग त्यांचं लक्ष गल्ल्यांच्या आत गेलं. रस्त्यापासून दूर, घरांच्या चौकोनांवर, इथं एक, तिथं एक, लाल टिकल्या होत्या.

"हे काय झालं?" साहेब म्हणाले. "यांना सांगितलेलं कळलंच नाही. आपण कुठं राहतो ते दाखवून ठेवलंय."

मलाही तसंच वाटलं. पहिल्यांदाच असला प्रयोग, थोडं चुकणारच. फोटो पुण्याच्या कंपनीकडे जायचा होता, ते लोक तो संगणकावर चढवणार होते. तेव्हा चुकीच्या टिकल्या आधीच काढून टाकाव्यात असं ठरलं. साहेब एका बाजूनं काढू लागले, मी दुसऱ्या बाजूनं. मी एक काढली, दुसरी काढली. तिसरीखाली नख घातलं आणि थांबले. चौकोनाच्या मागं विहीर होती. विहिरीला लागून आडवी, लांबट शेड. त्या शेडमध्ये आमचे माग होते, आणि वरच्या मजल्यावर मी लहानाची मोठी झाले होते.

आधी वाटलं, शेजारच्या घराची असेल, सरकली असेल. मी नीट वाकून पाहिलं. टिकली बरोबर आमच्या घराच्या मधोमध होती आणि अंगठ्यानं दाबून बसवलेली होती.

साहेबांना मी म्हटलं की उरलेल्या उद्या काढू, आता उशीर होतोय. त्यांनी मान डोलावली. आम्ही नकाशा गुंडाळला. तोवर मी काढलेल्या दोन टिकल्या माझ्या बोटालाच चिकटलेल्या होत्या. त्या कुठल्या घरांवरच्या होत्या हे आठवत होतं. मी गुंडाळी पुन्हा उलगडली आणि त्या जागच्या जागी लावल्या. साहेब माझ्याकडे बघत राहिले.

तिथून मी सरळ माहेरी गेले. ऊन अजून होतं. दादा शेडच्या दारात उभा होता. मला बघून त्यानं हात वर केला, कार्यक्रम झकास झाला म्हणाला, बायका वाटेनं नकाशाबद्दलच बोलत जात होत्या म्हणाला. मी हसले आणि जिना चढले. जिना चढताना मी मनात हिशेब करत होते. त्या घरातून नकाशाजवळ दोनच बायका आल्या होत्या. आईला कुणाची भीती वाटणार? आईचं तर दादावर माझ्यापेक्षा जास्त प्रेम. म्हणजे वहिनी.

स्वरूपावहिनी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. मी तिला मदत करायच्या निमित्तानं जवळ गेले आणि हळूच विचारलं की नकाशावर तुम्ही टिकली कुठं लावलीत. तिनं आधी जिन्याकडे पाहिलं, मग हातातल्या चादरीची घडी पूर्ण केली.

"मी हिरवी लावली ताई, देवळावर. लाल नाही लावली."

"आपल्या घरावर कुणीतरी लाल लावलीय."

वहिनीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मी नाही, एवढंच ती म्हणाली, आणि पुन्हा म्हणाली, मी नाही. कपड्यांचा ढीग छातीशी धरून ती खाली गेली. ती खोटं बोलत नव्हती, हे मला कळलं. तिच्या त्या घाबरण्याकडे मात्र मी नीट पाहिलं नाही, कारण माझं मन पुढच्या गोष्टीकडे धावलं होतं.

आई मागच्या खोलीत खाटेवर बसून शेंगा सोलत होती. मी तिच्याजवळ टेकले. आपल्या घरावर लाल टिकली निघालीय, एवढंच म्हटलं. तेवढ्यात खालच्या शेडमध्ये माग सुरू झाला. त्या आवाजात मी जन्मले, वाढले, अभ्यास केला. तो सुरू झाला तर आमच्याकडे कुणाची पापणीही हलत नाही. आईच्या हातातली शेंग मात्र तशीच राहिली. तिनं पाय खाटेवर ओढून घेतले, पाठ भिंतीला लावली आणि दाराकडे बघत राहिली. मी तिच्या खांद्याला हात लावला तर तिनं अंग चोरलं. माझ्यापासून. माझ्या आईनं.

 जिन्यावर पावलं वाजली नाहीत. मग ती हळूहळू सैल झाली.

"ती टिकली मी लावली," ती म्हणाली.

तिनं हातातली शेंग सोलली.

"तुझे बाबा गेल्यापासून लाल टिकलीला हात लावला नव्हता. आज लावला. तुम्ही विचारलंत ना, भीती कुठं वाटते म्हणून. मला रस्त्यावर कधी भीती वाटली नाही गं. इतकी वर्षं एकटी बाजारात जाते, येते. कुणी विचारलंच नव्हतं आजवर, म्हणून सांगितलं नव्हतं."

"कुणाची भीती, आई?"

ती खालच्या दिशेनं बघत राहिली. मागाचा आवाज चालूच होता.

"तो आधी माग सुरू करतो," ती म्हणाली. "मग वर येतो. माग चालू असला की शेजारी काही ऐकू जात नाही."

माझ्या कानात काहीतरी बंद झाल्यासारखं झालं. आई पुढं बोलत होती आणि मला तिचे ओठ हलताना दिसत होते. मग एकेक गोष्ट आत शिरत गेली. कारण लागत नाही, ती सांगत होती. चहा निवला, पाहुण्यांसमोर काही बोलले, शेडचा दिवा राहिला. मारण्याआधी तो ओरडत नाही. शांतपणे येतो, दार लावतो. मागच्या दिवाळीआधी तिचं मनगट मोडलं होतं. न्हाणीघरात पाय घसरला असं तिनं सांगितलं होतं. प्लास्टर घालायला मीच तिला घेऊन गेले होते, आणि दवाखान्यात दादा आमच्याबरोबर होता. पूर्ण वेळ त्यानं तिची पिशवी धरली होती. डॉक्टरांना तोच सांगत होता की आईनं आता फरशीवर जपून चालायला पाहिजे.

मला उठून खाली जायचं होतं. आईनं माझा हात धरला. त्या पकडीत इतकी ताकद होती की मी तिथंच बसले.

मी तिला माझ्याकडे चल म्हणाले. आधी ती नको म्हणाली, हे घर तिनं आणि बाबांनी उभं केलंय, तिनं का जायचं, असं म्हणाली. शेवटी डोळे तपासायच्या निमित्तानं काही दिवस यायला तयार झाली. पिशवी भरून आम्ही खाली उतरलो तर दादा दाराशी आला. त्यानं माग बंद केला, आईच्या हातातली पिशवी घेतली, रिक्षा थांबवली. आईला आधार देऊन रिक्षात बसवलं. मी त्याच्या हातांकडे बघत होते.

"नकाशात काय निघालं गं आपल्या गल्लीचं?" त्यानं मला विचारलं.

आईनं माझ्या साडीचा काठ मुठीत धरला.

"दिवे कमी आहेत म्हणतात," मी म्हटलं.

"ते तर आहेच," दादा म्हणाला. "डोळे नीट दाखव तिचे. हल्ली तिला काहीबाही दिसतं."

रिक्षा निघाली. मी वळून पाहिलं, तो हात हलवत होता. वर गच्चीवर वहिनी उभी होती.

पुढच्या आठवड्यात आयुक्तांसमोर सादरीकरण होतं. पुण्याच्या कंपनीनं नकाशा पडद्यावर आणला आणि तो फार देखणा दिसत होता. रस्ते तांबडे, चौक तांबडे, खांबांच्या जागा पिवळ्या. घरांवरचे ठिपके कुठंही नव्हते. चुकीच्या नोंदी वगळल्या आहेत, असं त्या माणसानं एका वाक्यात सांगितलं आणि तो पुढं सरकला. माणगावे साहेबांनी मला आधीच समजावलं होतं. ते वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले होते, मॅडम, आपण रस्त्याची माणसं, लोकांच्या घरात शिरणं आपलं काम नाही, आणि त्यावर आपण करणार तरी काय?

बैठकीत सांगू का, असं मी आईला सकाळीच विचारलं होतं. आई भाकरी थापत होती. घर सांग, ती म्हणाली, त्याचं नाव घेऊ नकोस.

मी उभी राहिले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. मी म्हटलं की वगळलेल्या टिकल्या चुकून लागलेल्या नाहीत. साहेबांनी मला खूण केली, बसा. मी पुढं म्हटलं, "त्यातलं एक माझ्या माहेरचं घर आहे. मी जाऊन विचारलं. तिथं चूक झालेली नाही."

 लिहून घेणारे लिहायचे थांबले. माणगावे साहेबांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. आयुक्त मॅडमनी मला बसायला सांगितलं आणि विचारलं, "ती बाई आता कुठं आहे?"

"माझ्याकडे आहे."

"आणि बाकीच्या घरांतल्या?"

 आम्ही एका वसाहतीतल्या बायकांना विचारलं होतं, त्यांनी सांगितलं होतं, आणि आम्ही ते पुसून टाकून चहा प्यायलो होतो.

मॅडमनी खांबांचं काम थांबवलं नाही. पण वसाहतीत पुन्हा विचारा, असं त्यांनी सांगितलं, आणि या वेळी वेगळ्या रीतीनं. कार्यक्रम नको, माईक नको, गर्दी नको. महापालिकेच्या दवाखान्यात बायका औषधाला येतात, तिथं बसा, एकेकीला आत घ्या. दवाखान्यात बाई का गेली असं कुणी विचारत नाही. आणि विचारणारी माणसं वसाहतीतली नसावीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीसुद्धा नाही."

मला ते थोडं लागलं, खरं सांगायचं तर. पण मी मान हलवली. दुसऱ्या जिल्ह्यातल्या समाजकार्य महाविद्यालयातून दोन बायका आल्या आणि दवाखान्यातल्या मागच्या खोलीत बसू लागल्या. मी तिकडे फिरकले नाही. त्या दिवसांत आई माझ्याकडेच होती. दुपारी ती झोपायला लागली होती, आणि झोपेत तिच्या हाताची मूठ सुटलेली असायची. दादाचा रोज फोन यायचा. डोळ्यांचं काय झालं, तो विचारायचा. मी म्हणायचे, अजून औषध चालू आहे.

मग एके दिवशी नवा नकाशा माझ्या टेबलावर आला. दरवाजा लावून मी तो उलगडला. घरांवरच्या टिकल्या आता कितीतरी जास्त होत्या. पहिल्या वेळी ज्या गल्लीत एकही नव्हती तिथंही होत्या. माझी नजर आपोआप विहिरीकडे गेली. आमच्या घरावर लाल टिकली होती.

आई तर तिकडे गेलीच नव्हती.

मी खुर्चीत बसले.  आईला मी बाहेर काढलं होतं, आणि बाहेर काढताना गच्चीवर उभी असलेली बाई मला दिसली होती. आई त्या घरातून गेल्यावर माग सुरू करून तो वर कुणाकडे जात असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. आयुक्त मॅडमनी बाकीच्या घरांबद्दल विचारलं तेव्हा मी दुसऱ्यांच्या घरांचा विचार करत होते.

त्या दिवशी मी एकटी गेले नाही. घरातल्या मारहाणीच्या तक्रारी बघणाऱ्या, जिल्ह्याच्या संरक्षण अधिकारी बाई आणि एक महिला पोलीस बरोबर होत्या. शेडच्या दारात दादा नेहमीसारखा हसत पुढं आला, बसा म्हणाला, चहा सांगतो म्हणाला. अधिकारी बाईंनी चहा नको म्हटलं आणि वहिनीशी एकटीशी बोलायचं आहे, असं सांगितलं. तेव्हा पहिल्यांदा मी त्याचा चेहरा बदलताना पाहिला. क्षणभरच. पण तेवढ्यानं मला कळलं की आई दाराकडे बघत बसायची तेव्हा तिला काय दिसायचं.

पुढचं सगळं सावकाश झालं, अशा गोष्टी होतात तसंच. जबाब झाले, कोर्टात तारखा पडल्या. दादानं घराबाहेर राहावं असा आदेश निघाला. वसाहतीतल्या निम्म्या लोकांनी माझ्याशी बोलणं सोडलं. एवढा भला माणूस, बहिणीनंच संपवला, असं ते म्हणत. दादा शेजारच्या गावी एका कारखान्यात लागला. तिथंही तो सगळ्यांच्या कामाला धावतो असं ऐकते. आई घरी परतली. दवाखान्यातली ती मागची खोली पुढं कायमची झाली. आठवड्यातून एकदा तिथं समुपदेशक बाई बसतात आणि औषधाच्या रांगेतल्या बायका एकेक करून आत जातात. डेअरीच्या कोपऱ्यावर दिवाही लागला.

वहिनीशी मी त्याबद्दल बोलले ते फार उशिरा. ती आणि आई शेडमध्ये शिवणाचं काम करायला लागल्या होत्या. मी गेले होते, आणि आई पाणी आणायला आत गेली तेव्हा माझ्या तोंडून निघालं.

"वहिनी, मी त्या दिवशी गच्चीवर तुम्हाला विचारलं होतं. तेव्हा का नाही बोललात?"

वहिनी मशीनखालून कापड ओढत होती. तिनं ते थांबवलं.

"तुम्ही माझ्याशी कधी वाईट वागला नाहीत, ताई," ती म्हणाली. "पण भाऊ तुमचाच होता. मी सांगितलं असतं आणि तुम्ही खाली जाऊन त्यांना विचारलं असतं, तर?"

तिचं बरोबर होतं. कारण मी तेच करायला निघाले होते, आणि आईनं माझा हात धरला होता.

"मग दवाखान्यातल्या त्या बाईला कसं सांगितलंत? ती तर पूर्ण परकी."

वहिनीनं दोरा दातानं तोडला आणि नवीन कापड घेतलं.

"परकी होती म्हणूनच," ती म्हणाली.